पन्नास हर्ट्झचा तानपुरा

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांमध्ये काही भांडणं अशी आहेत की त्यांच्यापुढे आम्हा प्रोग्रामर लोकांचं 'टॅब की स्पेस' म्हणजे अगदीच किरकोळ. नॉइजलेस पिकअपचं भांडण त्यातलंच. "नॉइजलेस टाकलंस? मग स्ट्रॅट घेतलीस तरी कशाला?" असं तोंडावर विचारणारे लोक आहेत. त्यांचा मुद्दा असा की सिंगल कॉइलचा तो टणटणीत, मोकळा, काचेसारखा आवाज हवा ना, मग त्याच्यासोबतची ती घूंऽऽ पण मुकाट्याने घ्यायची. घूं गेली की टोन गेला.

मला हे पटत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो, बाजू नंतर मांडतो. आपल्याकडच्या घरात, आपल्याकडच्या विजेवर, आणि हल्ली आपण ज्या पद्धतीने वाजवतो आणि रेकॉर्ड करतो त्यात, नीट निवडलेलं नॉइजलेस पिकअप आपल्याला जुन्या टोनच्या जास्त जवळ नेतं. खऱ्या सिंगल कॉइलपेक्षाही जवळ. यातले 'नीट निवडलेलं' हे शब्द मात्र महत्त्वाचे, कारण सगळी गोची तिथेच आहे.

ज्यांनी गिटारचं पोट उघडून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली. तिच्या प्रत्येक पिकअपमध्ये सहा लोहचुंबकाच्या कांड्या आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे साधारण आठ हजार वेढे असतात. वर स्टीलची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये वीज निर्माण होते. बारावीचं फिजिक्स. पण या कॉइलला गिटारची तार कुठली आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र कुठलं हे कळत नाही. बदलतं क्षेत्र दिसलं की ती बोलते. म्हणून भिंतीतली वायरिंग, अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर, लॅपटॉपचा चार्जर, सगळे तिच्या तोंडून बोलायला लागतात.

आता 'घूं हा टोनचाच भाग आहे' हा मुद्दा घेऊ. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. गिटारच्या स्पीकरला ५० हर्ट्झ नीट वाजवता येत नाही, त्यामुळे आपल्याला जी घूं ऐकू येते ती मुख्यतः १००, १५० आणि त्यावरच्या पटींची. लो ई तारेवर तिसऱ्या फ्रेटवरचा जी असतो ९८ हर्ट्झ. म्हणजे आपला हम जी च्या किंचित वर, साधारण एकतृतीयांश सेमीटोन चढा. तुम्ही जी कॉर्ड धरून ठेवली की ९८ आणि १०० यांची टक्कर होऊन सेकंदाला दोन हेलकावे येतात. तुम्हाला वाटतं गिटार बेसूर झाली, म्हणून तुम्ही ट्यून करत बसता. हा म्हणजे कुणीतरी चढा लावून ठेवलेला तानपुरा, आणि त्याच्या खुंट्या तुमच्या हातात नाहीत, वीज मंडळाच्या हातात आहेत :) अमेरिकेतला १२० हर्ट्झचा हम बी फ्लॅट आणि बी यांच्या बरोबर मधोमध पडतो. तिथे जी कॉर्ड बिचारी सुखाने नांदते. तेव्हा टेक्सासच्या स्टीव्ही रे वॉनच्या रेकॉर्डवर मागे घूं ऐकू येते म्हणून पुण्यातली घूं पण व्हिंटेज, हे लॉजिक काही जमत नाही. सूरच वेगळा आहे.

यावर कुणी म्हणेल, अरे अर्धे गिटारवाले इंग्रज होते, त्यांची वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची. बरोबर! आणि गंमत बघा. एरिक क्लॅप्टनच्या नावाची स्ट्रॅट फेंडरने १९८८ साली काढली ती लेस सेन्सर पिकअप घालून (हम कमी करणारी पिकअप्स, पूर्ण बंद करणारी नव्हेत), आणि २००१ मध्ये तिच्यात फेंडरची व्हिंटेज नॉइजलेस आली. जेफ बेकच्या गिटारचंही तसंच, आधी लेस सेन्सर आणि मग नॉइजलेस. डेव्हिड गिल्मरने ८० च्या दशकात आपल्या लाल स्ट्रॅटमध्ये ईएमजीची अ‍ॅक्टिव्ह पिकअप्स टाकली आणि पिंक फ्लॉइडच्या मोठमोठ्या दौऱ्यांत तीच वाजवली. नंतर तो साध्या सिंगल कॉइलकडे परत गेला, २००५ च्या लाइव्ह ८ मध्ये त्याच्या हातात जुनी काळी स्ट्रॅट होती, हेही खरं. पण ज्यांच्या टोनची पूजा चालते तेच लोक घूं ला वैतागले होते, एवढं तर मान्य करायला हवं.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. घूं असली की आपण तिच्यासाठी काय काय करतो ते बघा. गिटार ठरावीक दिशेला धरून बसतो, कारण कॉइलचा अक्ष क्षेत्राला आडवा झाला की घूं कमी होते. गेन कमी ठेवतो. नॉइज गेट लावतो. आणि गेट म्हणजे सगळ्यात वाईट. सिंगल कॉइलचं वैभव कशात आहे? स्वर छेडल्यानंतर तो विरत जातो त्या शेपटीत, आणि व्हॉल्यूमचा नॉब सहा-सातवर आणून हलक्या हाताने वाजवलेल्या स्वरात. गेट नेमकी हीच शेपटी कापतं, आणि हलका हात असेल तर स्वर आतच येऊ देत नाही. घरी ऑडिओ इंटरफेसमधून रेकॉर्ड करताना तर कॉम्प्रेसर लावला की दोन स्वरांमधली घूं फुगून वर येते. मग ती काढायला १०० हर्ट्झवर नॉच फिल्टर लावायचा, की तो शेजारच्या ९८ च्या जी लाही घेऊन बसतो. म्हणजे टोन वाचवायला ठेवलेली घूं, आणि घूं घालवायला कापलेला टोन. यात शुद्धता नक्की कुठे राहिली, तुम्हीच सांगा.

असो. लगेच सोल्डर गन काढू नका. आधी तुमच्याकडे नक्की काय वाजतंय ते तपासा, कारण नॉइजलेस पिकअप सगळ्या रोगांवर औषध नाही. 'घूं' आणि 'झर्र' हे दोन वेगळे प्रकार आहेत. तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर ती झर्र. ती विद्युत क्षेत्रातून येते, तुमचं शरीरच अँटेना झालेलं असतं. तिच्यावर उपाय म्हणजे गिटारच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी लावून ग्राउंडला जोडणं, आणि घराचं अर्थिंग. हात लावून काहीच फरक पडला नाही, पण गिटार फिरवली की कमी-जास्त होते, तर ती चुंबकीय घूं. तिला तांब्याची पट्टी अडवत नाही. ५० हर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ सुमारे ९ मिलिमीटर येते, आणि आपली पट्टी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढीही नसते. 'शील्डिंग करून घे, सगळं जाईल' असं सांगणारे इथे चुकतात. पिकअप बदलून उपयोग आहे तो या दुसऱ्या प्रकारात.

झर्रचे आपल्याकडचे नेहमीचे आरोपी म्हणजे पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर (तो लाटेचे तुकडे करतो, टक-टक करत बदलणारा स्टेपवाला कपॅसिटरवर चालतो, तो निरुपद्रवी), स्वस्त एलईडी दिवे, आणि वीज गेल्यावर सुरू होणारा स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर. या इन्व्हर्टरच्या लाटेत १५०, २५०, ३५० अशी विषम पटींची रांगच असते, त्यामुळे लाइट गेली की गिटारचा रेझर होतो. आणि अजून एक, हात जोडून. जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला अर्थिंग नुसतं नावाला असतं. घूं कमी होते म्हणून अ‍ॅम्पची तिसरी पिन काढून वाजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. हातात स्टीलच्या तारा, तारा ग्राउंडला, आणि अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं तर ती वीज तुमच्यातूनच जाणार. वायरमन बोलवा, अर्थिंग करून घ्या. पिकअप नंतर.

बरं, एवढं करूनही घूं उरली. आता निवड.

दोन कॉइल उलट-सुलट जोडून घूं मारायची कल्पना जुनी आहे. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हंबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून लेस पॉलमध्ये ही पिकअप्स यायला लागली. दोन्ही कॉइलमध्ये घूं सारखी येते, एक उलटी जोडली की वजाबाकी होऊन शून्य. चुंबकही उलटा ठेवल्यामुळे तारेचा सिग्नल मात्र बेरजेत. सुंदर! पण दोन कॉइल शेजारी-शेजारी असल्यामुळे तारेचं कंपन दोन ठिकाणी ऐकलं जातं आणि वरच्या काही फ्रीक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय एकूण वेढे जास्त, इंडक्टन्स जास्त, आवाज जाड. छान आवाज आहे, पण तो स्ट्रॅटचा नव्हे. सिंगल कॉइलच्या मापात बसवलेली दोन पट्ट्यांची 'रेल' पिकअप्स याच जातीची. व्हिंटेज टोन हवा असणाऱ्याने तिकडे बघूच नये.

लिओ फेंडरचा उपाय मला जास्त आवडतो. १९५७ च्या प्रिसिजन बासमध्ये त्याने पिकअपचे दोन तुकडे केले, दोन तारांना एक आणि उरलेल्या दोन तारांना दुसरा. प्रत्येक तार एकाच कॉइलला ऐकू येते, म्हणजे टोन सिंगलचा, आणि घूं कटते. पुढे त्याच्याच जी अँड एल कंपनीच्या कोमँचे गिटारमधली झेड कॉइल हेच करते. स्ट्रॅटच्या मापात ही पद्धत कमी दिसते, पण तत्त्व म्हणून सगळ्यात स्वच्छ.

बाजारात जास्त चालतो तो 'स्टॅक', म्हणजे एका कॉइलखाली दुसरी. वरची कॉइल तार आणि घूं दोन्ही ऐकते, खालची तारेपासून लांब असल्यामुळे मुख्यतः घूं ऐकते, मग वजाबाकी. अडचण अशी की खालचीलाही थोडी तार ऐकू येतेच आणि तेवढा सिग्नल वजा होतो. तो भरून काढायला सुरुवातीच्या काळात कंपन्या वेढे वाढवायच्या. वेढे वाढले की इंडक्टन्स वाढतो, इंडक्टन्स वाढला की आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. 'नॉइजलेस म्हणजे मेलेला टोन' ही बदनामी त्या पिढीची आहे आणि तेव्हा ती खरी होती. नंतर लोक हुशार झाले. दोन कॉइलच्या मध्ये स्टील घालून खालचीला तारेपासून आडोसा द्यायचा, आणि तिच्या गाभ्यात लोखंड घालून कमी वेढ्यांत तितकीच घूं पकडायची. ऑस्ट्रेलियातल्या ख्रिस किनमन यांचं नाव यात ९० च्या दशकापासून आदराने घेतलं जातं. डिमार्झिओची एरिया मालिका, सेमूर डंकनची क्लासिक स्टॅक प्लस, फेंडरची स्वतःची नॉइजलेस, हे सगळे याच खानदानातले.

तिसरा मार्ग डमी कॉइलचा. तुमची आवडती सिंगल कॉइल पिकअप्स तशीच ठेवायची आणि घूं ऐकणारी वेगळी कॉइल जोडायची. यातली खुबी मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. घूं चा व्होल्टेज वेढे गुणिले क्षेत्रफळ या हिशोबाने वाढतो. म्हणजे क्षेत्रफळ दहापट केलं तर वेढे दहावा भाग पुरतात, आणि इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढत असल्यामुळे अशा कॉइलचा इंडक्टन्स कितीतरी कमी राहतो. सूर कंपनीच्या गिटारमध्ये मागच्या प्लॅस्टिकच्या झाकणात अशी मोठी कॉइल बसवतात. टोनला धक्का सगळ्यात कमी इथेच. पण ती जुळवून घ्यावी लागते, आणि आपल्याकडे ते करून देणारा माणूस शोधणं हे वेगळंच काम.

आता जाहिराती वाचताना काय बघायचं. 'ग्लासी', 'क्वॅकी', 'ऑथेंटिक' ही विशेषणं सोडून द्या. ओहम्सचा आकडाही सोडून द्या. स्टॅकमध्ये दोन कॉइल एकामागे एक असतात, त्यामुळे मल्टिमीटर मोठा आकडा दाखवतो आणि लोक त्याला 'हॉट' समजतात. बघायचा तो इंडक्टन्स. जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅट पिकअपचा तो साधारण २.२ ते २.६ हेन्री असतो. पाच मीटरची केबल धरली तर तिची कपॅसिटन्स साधारण ५०० पिकोफॅरड, पिकअपची स्वतःची आणखी १२० च्या आसपास. २.३ हेन्रीला रेझोनन्सचं शिखर सुमारे ४,२०० हर्ट्झला येतं. ३.५ हेन्री असेल तर ३,४०० ला. आणि ४.४ हेन्रीच्या हंबकरला ३,००० च्या आसपास. ज्याला आपण चमक म्हणतो ती हीच. आता हाच हिशोब उलटा करा. ३.५ हेन्रीच्या पिकअपला तीन मीटरची केबल लावली तर शिखर परत ४,१५० पर्यंत चढतं! म्हणजे हजारो रुपयांच्या पिकअपला शिव्या घालण्याआधी केबल आखूड करून बघायला हरकत नाही. शिखराची उंची तंतोतंत तीच येईल असं नाही, पण कानाला फरक लगेच कळतो. आणि हेंड्रिक्स तर टेलिफोनच्या वायरीसारखी लांबलचक गुंडाळीची केबल वापरायचा, त्याची चमक मुळातच कमी पोचत असणार. 'व्हिंटेज' नक्की कुठला, हाही प्रश्नच आहे.

कंपनीने इंडक्टन्स दिला नसेल तर मी त्या पिकअपकडे जरा संशयानेच बघतो.

चुंबकाचं पण बघा. जोरदार चुंबक तारेला खेचतो, वरच्या फ्रेटवर स्वर लडखडतो. अल्निको २ वापरणारी पिकअप्स (डिमार्झिओ एरिया त्यातलीच) तारेच्या जवळ आणता येतात, आणि नेक पोझिशनला त्यांचा गोल, मऊ आवाज मला खऱ्या सिंगल कॉइलपेक्षा उणा वाटत नाही. मागे, ब्रिजला, कान लावून ऐकलं तर थोडा फरक जाणवतो. आणि एका ठिकाणी मी विरुद्ध पक्षाला पूर्ण गुण देतो, ते म्हणजे फझ. फझ फेससारख्या जुन्या पेडलचा इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो, त्यामुळे पिकअपची कॉइल ही जणू त्या सर्किटचाच एक भाग होते. गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर फझ जो स्वच्छ होतो, तो स्टॅकवर वेगळ्या तऱ्हेने होतो. तुमचं सगळं संगीत फझवर उभं असेल तर साधी सिंगल कॉइलच ठेवा.

अजून कुणी घेऊ नये? जे क्लीन वाजवतात आणि ज्यांच्या घरात अर्थिंग धड आहे त्यांनी. जे बहुतेक वेळ पाच-वे स्विचच्या दोन आणि चार नंबरवर असतात त्यांनीही, कारण हल्लीच्या बहुतेक स्ट्रॅटमध्ये मधलं पिकअप उलट गुंडाळलेलं असतं आणि त्या दोन जागी घूं फुकटातच जाते. म्हणूनच एकच पिकअप बदलायचा विचार असेल तर थांबा. ब्रिजला नॉइजलेस आणि मधलं साधं ठेवलंत, तर दोन नंबरची जागा, जी आधी शांत होती, ती घूं करायला लागेल. मधल्याची घूं कापायला आता समोर कुणी उरलेलं नसतं. घ्यायचा तर तिन्हींचा सेट, आणि सेटच्या पैशात एक शिकाऊ गिटार येते, शिवाय बाहेरून मागवलं तर कस्टम्स. मंडपात वाजवणाऱ्यांना, जिथे लाइटवाल्याचे डिमर आणि साउंडवाल्याचा मिक्सर एकाच जनरेटरवर असतात, किंवा माझ्यासारख्या दोन मॉनिटर, राउटर आणि लॅपटॉपच्या घोळक्यात बसून रेकॉर्ड करणाऱ्यांना, मी म्हणेन की खर्च वसूल होतो. पन्नाशी-साठीतली खरीखुरी जुनी गिटार कुणाकडे असेल तर मात्र तिच्याजवळ सोल्डर गनसुद्धा नेऊ नका.

बसवताना दोन गोष्टी. सोबतच्या कागदावर पॉटची किंमत दिलेली असते ती वाचा, सगळ्यांना जुनं २५० के चालतंच असं नाही. आणि वायरी सुटण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. स्टॅकला दोनपेक्षा जास्त वायरी असतात, रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. खालच्या कॉइलची टोकं उलटी लागली तर घूं कटायच्या ऐवजी दुप्पट होते, तेव्हा तारा चढवायच्या आधीच अ‍ॅम्पला जोडून गिटार चार्जरजवळ नेऊन बघा.